हमीदाचं विरजण

रशीदभाईंचा फोन आला तेव्हा मी अंगणात पाण्याचा पाईप धरून उभी होते. एरवी हा माणूस आधी सलाम, मग तब्येत, मग पाऊसपाणी, असं सगळं विचारून मुद्द्यावर येणारा. त्या सकाळी नुसतं म्हणाले, "ताई, आपा गेली." आणि मी विचारलं, "कुठं?" वेड्यासारखं. पण त्यांची आपा, म्हणजे थोरली बहीण, माझी मैत्रीण हमीदा, न सांगता कुठे ना कुठे जायचीच. पाऊस पडून गेला की तिचे पाय घरात ठरत नसत. दवाखान्यातून उठून निघाली असेल झरी जामणीच्या जंगलाकडे, असंच माझ्या मनात आलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी तिथेच पायरीवर बसले. पाईप चालूच होता.

माती दुपारच्या नमाजानंतर झाली. बायका घरीच थांबतात, मी त्यांच्यात बसले. घर भरलेलं, पण मधूनच सगळ्या एकदम गप्प व्हायच्या आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून तिचा खाकरण्याचा आवाज येईल असं वाटायचं. हमीदाला दमा होता. ती घरात कुठे आहे हे तिच्या श्वासावरून कळायचं. जिना चढून आली की श्वास आत घेताना बारीक शिट्टी वाजायची, आणि आम्ही शाळेत तिला चिडवायचो की बाई, गाडी फलाटाला लागली. तिला राग येत नसे. ती विज्ञानाची बाई, मी मराठीची. वर्गात मी पुस्तकातलं बोलायचे आणि तिच्याशी फुलसावंगीचं, म्हणजे माझ्या माहेरचं. ती यवतमाळातली पक्की शहरातली, वडिलांचं गॅरेज, आता भावाचं. पण वऱ्हाडी बोलण्यात मला मागे टाकायची.

चार-आठ दिवसांनी मी पुन्हा भेटायला गेले तर रशीदभाई घरातले सगळे मोबाईल पुढ्यात घेऊन बसलेले. त्यांना तिचा आवाज हवा होता. फोटो होते, पोतंभर होते. लग्नातले, शाळेतले, चिखलात गुडघाभर उभी असतानाचे. पण आवाज... कुठेच नाही. तिला फोनवर बोलून निरोप पाठवणं आवडत नसे, नेहमी लिहून पाठवायची. कोणी व्हिडिओ काढायला लागलं की हात आडवा करून निघून जायची. "ताई, तुमच्या फोनमंदी तरी असन," ते म्हणाले. मी शोधलं. नव्हता. एवढ्या वर्षांची बडबडी बाई, आणि जगात तिचा एक शब्द शिल्लक नाही. मला तिचा अस्सा राग आला!

हे बेडकांचं वेड तिला निवृत्तीनंतर लागलं. भाच्याने तिला फोनवर जगातल्या बेडकांचं एक संकेतस्थळ उघडून दिलं. एकेका जातीला एकेक पान. त्यात फोटो, आवाज, कुठे सापडतो त्याचा नकाशा, आणि तो टिकून आहे की संपत चालला आहे, तेही. कोणीही नोंद पाठवावी, पण तिकडचा जाणकार तपासून 'बरोबर' म्हणत नाही तोवर ती कच्चीच राहते. हमीदाने नकाशा मोठा करून आपला जिल्हा शोधला आणि लागलीच माझ्याकडे आली. "अवं सिंधू, पाह्य हे. आजूबाजूला सारे ठिपके, अन आपल्यावर तिळाएवढं बी काई नाई. जसं काई आपल्याकडे बेडूकच राह्यत नाईत."

"मंग नसन राह्यत. तुले काय कराचं हाय?"

"उद्या कोनी खदान मागतली, रस्ता मागतला, त मोठे लोक हेच उघडून पाह्यतात. इथं काईच नाई म्हनतात अन सही ठोकतात." तिने चहासुद्धा घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून भावाची जुनी जीप आणि ड्रायव्हर म्हणून भाऊ, दोन्ही तिने ताब्यात घेतलं. मीही जाऊ लागले. खरं सांगायचं तर मला बेडकांची किळस आहे, आजही आहे. मी तिच्यासाठी जायचे. निरोपाच्या दोन ओळी ती लिहायची, पण डोळे अधू, म्हणून नोंदींची माहिती मी टाईप करायची, तिच्याच नावाच्या खात्यावर. तिकडून येणारी पत्रंही माझ्या फोनवर यायची. नोंदीच्या बाबतीत ती कोणाची गय करत नसे. एकदा कुठल्याशा मास्तरांनी चुकीचा बेडूक टाकला होता तर हिने त्यांना फोन करून असं सोलून काढलं, की मी फोन हिसकावून घेतला. तिचं म्हणणं, जिथं नाही तिथं आहे म्हणून लिहिलं की लोक निर्धास्त होतात, आणि जिथं खरोखर आहे तिकडे मग कोणी बघत नाही.

झरी जामणीकडे जंगलाला लागून एक पडीक वावर आहे. त्याच्या उताराला पावसाचं पाणी साचतं. मोठं डबकंच म्हणायचं. तिथे तिला तो भेटला. वाटोळा, मातकट, पोट फुगवून बसणारा बेडूक. वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली काढतो, आणि दांडगा पाऊस पडला की थोडे दिवस वर येऊन बोलतो. बोलणं म्हणजे रिकाम्या घागरीत तोंड घालून कोणी 'हूंऽऽ' करावं तसं. शास्त्रातलं नाव माझ्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्याला गोटू म्हणायचो. गोटू दिसत मात्र नसे. पावलांची चाहूल लागली की सगळं डबकं चिडीचूप, आणि चिखलात त्याच रंगाचा प्राणी शोधणार कसा? आवाज मिळाला तरच नोंद.

मग हमीदाने तिची ती युक्ती काढली. काठाशी उकिडवी बसायची, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरायची आणि गोटूसारखा आवाज काढायची. तीन वेळा. मग थांबायची. मग पुन्हा तीन. थोड्या वेळाने पाण्यातून एक जण उत्तर द्यायचा, मग दुसरा, मग सगळं डबकं घुमायला लागायचं. "दुधाले विरजन लागते वं," ती म्हणायची. "मी थोडंसं लावते, मंग ते आपसूक लागते." पहिल्यांदा हे मी बांधावरून ऐकलं तेव्हा दिवेलागण झाली होती. हमीदा बसली होती तिथे नुसता काळोखा ठिपका उरला होता आणि त्या ठिपक्यातून 'हूंऽऽ' येत होतं. मी घाबरून हाक मारली, "हमीदा!" उत्तर पाण्यातून आलं. आता हसू येतं, पण तेव्हा मी मागे सरले होते. घरी आल्यावर ती ध्वनिमुद्रण ऐकून सुरुवातीचं आपलं विरजण कापून टाकायची आणि मागचे खरे बेडूक तेवढे पाठवायची. कापलेलं लगेच पुसायची. "नोंद त्याची हाय. त्यात माहा आवाज कायले?"

त्या डबक्यापासून जवळच कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे त्यांची छोटी वस्ती. तिथल्या मैनाबाईकडे माझा मुक्काम असायचा, कारण माझे गुडघे चिखलात चालत नाहीत. यंदा पाऊस लागला तेव्हाही मी मैनाबाईच्या ओसरीवर होते आणि हमीदा एकटी काठावर गेली. परत आली ती ओठ निळे पडलेली. श्वास पुरत नव्हता, पण चेहरा असा फुललेला, की मी रागवायची थांबले. "मिळाला, सिंधू. लय चांगला मिळाला." यवतमाळला पोचेपर्यंत तिला थेट दवाखान्यात न्यावं लागलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. तिथे खाटेवर, नाकात नळी, आणि बाई फोनवर बोट सरकवत ध्वनिमुद्रण कापत बसलेली. मी ओरडले, नर्स ओरडली. तिने कापलं, कापलेलं नेहमीप्रमाणे पुसलं, मी माहिती टाईप केली आणि तिने स्वतः पाठवायचं बटण दाबलं. त्यानंतर ती घरी आलीच नाही.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी माझ्या फोनवर तिकडच्या तपासनीस बाईंचं पत्र आलं. 'प्रिय हमीदा' अशी सुरुवात. मेलेल्या माणसाच्या नावाचं पत्र उघडताना कसंतरीच होतं... त्यात लिहिलं होतं, की तुमची नोंद आम्ही स्वीकारली आहे. या बेडकाचा इतका जवळून घेतलेला आवाज आमच्याकडे दुसरा नाही, म्हणून तो त्याच्या पानावर नमुना म्हणून लावला आहे. मात्र एक गोष्ट विलक्षण आहे. दर तीन हाकांनंतर एक अतिशय बारीक शिट्टी ऐकू येते. या जातीत आजवर कोणी ती ऐकलेली नाही. कदाचित तुमच्याकडचा बेडूक वेगळाच असेल. अजून नमुने पाठवू शकाल का?

मी कानात इअरफोन घातले. हूंऽऽ. हूंऽऽ. हूंऽऽ. आणि मग ती शिट्टी. आत ओढलेला श्वास. भर दुपारी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, मी मागे वळून पाहिलं. हमीदा माझ्या खांद्यामागे उभी होती असंच मला वाटलं, इतकी ती जवळ होती. बेडकाला दमा नसतो हो! बाईने दवाखान्यात उलटं कापलं होतं. पुढचं ठेवलं आणि मागचं उडवलं. खरे गोटू पुसले गेले. अगदी शेवटी, कापताना राहून गेलेला एक हुंकार लांबून येतो, तेवढाच काय तो खरा बेडूक. म्हणजे जगभरातले लोक त्या पानावर जाऊन, गोटू कसा बोलतो ते ऐकायला बटण दाबत होते, आणि यवतमाळच्या हमीदाबाई त्यांना ऐकू येत होत्या. शिट्टीसकट. मी आधी हसले आणि मग हमसून हमसून रडले.

रशीदभाईंना सांगायला मी लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गॅरेजात गेले. त्यांनी ग्राइंडर बंद करवला, हात पुसले आणि फोन कानाला लावला. पहिल्या श्वासालाच ते म्हणाले, "जिना चढून आल्यावर असंच करे..." पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मी त्यांना बराच वेळ ऐकू दिलं. मग म्हणाले, "मिळाली, ताई." आता पुढचं मला बोलायलाच हवं होतं. मी म्हटलं, रशीदभाई, मला त्यांना खरं कळवावं लागेल.

"काहून? बेडकाले काय फरक पडते?"

"तिथं आता नवीन बेडूक शोधून राह्यले लोक. हमीदाच्या दम्यावर शास्त्र रचतीन."

"रचू द्या. माह्या फोनमंदी ठेवलं तरी हा फोन उद्या फुटला, चोरीले गेला, मंग? तिथं तिचं नाव हाय, ताई. साऱ्या जगात तेवढाच आवाज राह्यला, तो बी तुमी सोताहून पुसाले लावता. अन वरून लिहितीन, हमीदाची नोंद खोटी." ते माझ्यावर कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. खरं तर मलाही तिचा आवाज पुसला जायला नको होता. पत्र तसंच पडून राहिलं. मी रोज उघडायचे आणि बंद करायचे. हमीदा असती तर पहिल्याच दिवशी कळवून मोकळी झाली असती, आणि उशीर केला म्हणून मला शिव्या घातल्या असत्या, हे मला पक्कं माहीत होतं. रशीदभाईंनाही माहीत होतं. मध्ये पावसाने दडी मारली होती. तो परत धरला आणि सलग दोन दिवस कोसळला, तेव्हा ते जीप घेऊन दारात आले. "चला. तिचा बेडूक आनू. मंग लिहा खरं काय ते."

आम्ही पोडावर पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. मैनाबाई दारातच उभी होती. मला आणि रशीदभाईंना पाहून ती आमच्या मागे बघत राहिली. म्हणाली, "मॅडम थेट तिकडंच गेल्या का? काल बी आल्या अन भेटल्याच नाईत. मी चाय ठेवला, वाट पाह्यली."

रशीदभाईंनी विचारलं, "काल? कोनं सांगतलं?"

"आवाज आला ना. पह्यले मॅडम बोलतात, मंग बेडूक बोलतात. एवढ्या साली ऐकून राह्यलो आमी, वळखत नाई का?" मी तिला हमीदा गेल्याचं सांगितलं. मग तिने हळूच विचारलं, "मंग काल कोन होतं?" एखादा गोटू एकटाच आधी बोलला असेल, मी म्हटलं. दुसरं काय असणार? पण हे सांगताना मी तिच्याकडे पाहिलं नाही.

डबक्यापर्यंत मी या वेळी गेले, गुडघे गेले खड्ड्यात. रशीदभाईंनी हात धरून नेलं. उजेड उतरत होता. पाण्यावर ना वारा, ना किडा, ना काही. आमच्या पावलांनी सगळं गप्प झालं होतं आणि ते गप्पच राहिलं. आम्ही बसून राहिलो. बाभळी आधी हिरव्या होत्या, मग करड्या झाल्या, मग दिसेनाशा. त्या शांततेत कोणीतरी आपल्याकडे बघत आहे असं मला सारखं वाटत होतं. रशीदभाईंनी ओठांतल्या ओठांत काही म्हटलं. मग त्यांनी आपला फोन काढला, काठावरच्या दगडावर ठेवला, मी माझ्या फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केलं, आणि त्यांनी हमीदाला लावलं.

हूंऽऽ. हूंऽऽ. हूंऽऽ. श्वास.

तो आवाज फोनमधून येतो आहे असं वाटेना. ती बसायची त्याच काठावरून येत होता, जमिनीलगत, उकिडव्या बाईच्या उंचीवरून. रशीदभाईंनी माझा हात घट्ट धरला होता. ते संपलं. काही नाही. त्यांनी पुन्हा लावलं. आणि पाण्याच्या पलीकडच्या अंगाने एक जण बोलला. तिच्याइतकाच थांबून, तीन वेळा. मग अलीकडून दुसरा. मग सगळीकडून, इतके, की पायाखालची माती थरथरल्यासारखी वाटली. रशीदभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ताई, हे कोनाले उत्तर देऊन राह्यले?" मला भीती वाटत होती आणि तिथून हलावंसंही वाटत नव्हतं. हमीदा मेल्याची बातमी जिथे पोचलीच नाही अशी ती एक जागा होती.

घरी येऊन मी आवाज ऐकला. सुरुवातीला तिचं विरजण, मागे गोटूंचा गलका. पाठवायचं तर पुढचं कापायला हवं. रशीदभाई समोर बसले होते, त्यांनी मान दुसरीकडे वळवली. माझं बोट काही केल्या खाली टेकेना. इतकी वर्षं ती स्वतःला कापत आली आणि मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. शेवटी मी कापलं. फक्त बेडूक पाठवले, आणि सोबत तपासनीस बाईंना सगळं लिहिलं. ही शिट्टी बेडकाची नाही, निवृत्त शिक्षिका हमीदा यांच्या दम्याची आहे. त्या आता हयात नाहीत. नोंद चुकली ती आजारपणात चुकली, आधी कधी चुकली नव्हती. पुसायची असेल तर पुसा, असंही लिहिलं. लिहिताना रशीदभाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, ते "हं" म्हणाले.

उत्तर लवकर आलं. नवा आवाज त्यांनी गोटूच्या पानावर लावला, जिल्ह्यावरचा ठिपका पक्का झाला. आणि जुन्या नोंदीबद्दल त्या बाईंनी लिहिलं, की आमच्याकडे कुठलीच नोंद पुसली जात नाही, फक्त प्राण्याचं नाव दुरुस्त होतं. सोबत दुवा होता. आम्ही दोघांनी गॅरेजात बसून तो उघडला. हजारो बेडकांच्या नोंदींमध्ये ती एक नोंद. मी एकेक ओळ मराठीत करून वाचली. प्राणी, माणूस. संख्या, एक. काय करताना ऐकलं, हाका मारताना. खाली आवाजाचं बटण. रशीदभाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

त्याखाली एक चौकोन कोरा होता. त्यात विचारलं होतं, हा प्राणी या जागी अजून आढळतो का? हो किंवा नाही, काहीतरी एक दाबायचं. मी बोट पुढे केलं आणि थांबले. हमीदाला खोटी नोंद चालत नसे, आणि खरी मला करवत नव्हती.

"राहू द्या, ताई," रशीदभाई म्हणाले. "ते नका भरू."

मी ते भरलेलं नाही. त्यामुळे दर आठवड्याला तिकडून आठवण येते. तेवढ्यासाठी मी तिचं खातं बंद केलं नाही. परवा पुन्हा आली. 'हमीदा, तुमची एक नोंद अजून पूर्ण झालेली नाही.' मी नेहमीप्रमाणे ती रशीदभाईंना वाचून दाखवली.